लाभ, दोन, तीन

श्रावणातला शनिवार होता. रेवाच्या बालवर्गात पालकांना बोलावलं होतं. मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर आम्ही आया-बाबा गुडघे छातीशी घेऊन बसलो होतो. दाराशी ओल्या छत्र्यांचा ढीग होता आणि वर्गात भिजलेल्या रेनकोटांचा रबरी वास कोंडला होता. बाई एकेका मुलाला समोर बोलवत होत्या. रेवाची पाळी आली तेव्हा त्यांनी सतरंजीवर दहा लाकडी ठोकळे रांगेत मांडले आणि म्हणाल्या, "मोज बरं बाळा." रेवाने पहिल्या ठोकळ्यावर बोट टेकवलं आणि ठणठणीत आवाजात म्हणाली, "लाभ." मग दुसऱ्यावर, "दोन." मग तीन, चार, पाच, थेट दहापर्यंत. एकही ठोकळा सुटला नाही, एकही दोनदा मोजला गेला नाही. बाईंनी विचारलं, "आणि एक कुठे गेला?" रेवाने पहिल्या ठोकळ्याकडे बोट केलं. "हा काय." बाई हसल्या. अगदी मायेने हसल्या, त्यात खोट काढायला जागा नाही. मग समोरच्या कागदावर त्यांनी लिहिलं, 'क्रमाने म्हणताना १ गाळते. सराव हवा.'

मी त्या कागदाकडे बघत घाईघाईने म्हणाले, "सॉरी मॅडम, आजीने शिकवलंय. गावाकडचं आहे ते. मी घेते करून."

बाईंनी लिहिलेली ओळ मला तितकीशी लागली नाही. माझं ते 'गावाकडचं आहे ते' मात्र त्या दिवसापासून घशात अडकल्यासारखं झालं आहे.

आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, निफाड तालुक्यातल्या. मे महिन्यात रेवा त्यांच्याजवळ होती, ऐन गहू भरण्याच्या दिवसांत. मी शनिवार-रविवार जायचे तेव्हा पडवीत हा सोहळा चाललेला असायचा. जमिनीवर गव्हाचा सोनेरी ढीग, बाजूला कडुलिंबाचा वाळवलेला पाला, हवेत ती गव्हाची कोरडी धूळ, जी नाकात गेली की शिंक येते आणि तरी पुन्हा हुंगावीशी वाटते. आई पायली भरायच्या, वरून तळहात फिरवून सपाट करायच्या आणि कोठीत ओतता ओतता मोठ्याने म्हणायच्या, "लाभ." पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही. का, असं मी लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात विचारलं होतं. "घरात धान्य येतंय," त्या म्हणाल्या होत्या, "त्याला एक काय म्हणायचं? लाभ म्हणायचं." मला ते तेव्हा पटलं होतं, आवडलंही होतं. रेवाकडे काम होतं चिंचोक्यांचं. एक पायली कोठीत गेली की एक चिंचोका डावीकडच्या वाटीतून उजवीकडच्या वाटीत टाकायचा. सोळा चिंचोके झाले की आई म्हणायच्या, "झाला मण," आणि रेवा सगळे चिंचोके परत डाव्या वाटीत रिकामे करायची. चार वर्षांचीही नव्हती तेव्हा. घामाने कपाळाला केस चिकटलेले, गालावर भुसा, आणि चेहऱ्यावर असा भाव की आपण नसतो तर या घराचं वर्षाचं धान्य भरलंच गेलं नसतं.

त्या शनिवारी घरी येऊन मी आईंना म्हणाले, "आई, रेवाला ते लाभ नका शिकवू. शाळेत चुकीचं धरतात." त्या तेव्हा आमच्याकडे, पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटवर आलेल्या होत्या. गॅलरीत बसून मेथी निवडत होत्या. "बरं," म्हणाल्या. तेवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर रेवाला खेळायला म्हणून त्यांनी गावाहून आणलेलं पितळी मापटं स्वयंपाकघरातल्या माळ्यावर, मोठ्या परातीमागे गेलं होतं. कोणी ठेवलं हे मी विचारलं नाही.

त्यानंतर रेवा मोजेनाशी झाली. आधी ती जिना मोजायची, पोळ्या मोजायची, दोरीवरचे चिमटे मोजायची, सिग्नलला थांबलो की रिक्षा मोजायची. आता मी "किती गं?" म्हटलं की माझ्या तोंडाकडे बघायची. मला वाटलं, सरावासाठी खेळणं हवं. मग ऑनलाइन एक मणीचौकट मागवली. दहा तारा, प्रत्येक तारेवर दहा रंगीत मणी, खाली बटणं, बटण दाबलं की एक गोड आवाज इंग्रजीत आकडा म्हणतो आणि बरोबर आला की टाळ्या वाजवतो. दोन दिवस त्या टाळ्या घरात वाजत राहिल्या. तिसऱ्या दिवशी रेवाने काय खटपट केली कोण जाणे, एक तार सुटली आणि दहा लाल मणी मोकळे झाले. ते तिने तिच्या प्लास्टिकच्या ट्रकमध्ये भरले. कांदे होते ते. ट्रक लासलगावला, मार्केटला निघाला होता. वाटेत सोफ्याच्या पायाशी वजनकाटा होता, तिथे थांबून दोन कांदे उतरवले, "हे सडके," असं म्हणून बाजूला टाकले, मग उरलेल्यांचा भाव झाला. मी कणीक मळता मळता ऐकत होते. आणि मला राहवलं नाही. "रेवा, आता किती कांदे राहिले?" ती थबकली. "खूप," म्हणाली. "खूप नाही, मोजून सांग." तिने ट्रक सोफ्याखाली ढकलला आणि तिथून उठून गेली. ट्रक दोन दिवस तिथेच होता.

माझं बालपण नाशिकरोडला, नेहरूनगरच्या क्वार्टर्समध्ये गेलं. वडील नोटांच्या प्रेसमध्ये होते. आमच्याकडे प्रेस म्हटलं की कोणती हे सांगावं लागत नाही. नोटा मोजणं ज्यांच्या आसपास रोज चालायचं अशा माणसांची ती वसाहत. वडील कामाबद्दल घरात अवाक्षर काढत नसत, पण त्यांच्या हातांना गप्प बसता येत नसे. आलेली वर्तमानपत्रं, लग्नपत्रिका, रेशनच्या पावत्या, काहीही हातात आलं की त्यांच्या अंगठ्याखालून ते सरसर जायचं. माझ्यासाठी ते जुन्या कॅलेंडरच्या पानांचे नोटांएवढे तुकडे कापायचे. दहा तुकड्यांना एक रबर. असे दहा गठ्ठे झाले की त्यांना मिळून जाड रबर, ती शंभराची गड्डी. दहा गड्ड्या पुठ्ठ्याच्या खोक्यात गेल्या की हजार. खोकं भरायला मला अख्खी दिवाळीची सुटी लागली होती. बशीत ओला स्पंज, त्यावर अंगठा टेकवायचा आणि मोजायचं. कॅलेंडरच्या कागदाचा तो गुळगुळीत थंड स्पर्श, मागच्या बाजूला अर्धवट दिसणारी एखादी एकादशी, एखादा लाल रविवार. मोजताना मध्येच चुकलं की मी रडकुंडीला यायचे आणि आठवेल तिथून पुढे रेटायचा प्रयत्न करायचे. वडील हात धरायचे. "जिथे हरवलं तिथून नाही, बेटा. पहिल्यापासून." ते ओरडून कधी सांगितलं नाही. आणि पहिल्यापासून मोजायला ते स्वतः शेजारी बसायचे, म्हणून ते कधी शिक्षेसारखं वाटलं नाही. उलट कितीदा तरी मी मुद्दाम चुकले आहे.

हे सगळं मी विसरून गेले होते. गंगापूर रोडला एका मैत्रिणीचा माँटेसरी वर्ग आहे, तिथे सहज गेले होते, तेव्हा आठवलं. तिने कपाटातून सोनेरी मणी काढून दाखवले. एक सुटा मणी. मग दहा मणी तारेत ओवलेली कांडी. मग दहा कांड्या शेजारी शेजारी जोडलेला शंभराचा चौरस. आणि मग दहा चौरस एकावर एक रचलेला हजाराचा घन, जो चार वर्षांच्या मुलाला दोन हातांनी उचलावा लागतो. हजार म्हणजे जड, हे पोर आधी दंडात शिकतं. मी तो घन हातात घेतला आणि मला आमचं पुठ्ठ्याचं खोकं आठवलं, पलंगाखालून ओढताना जमिनीवर होणारा त्याचा आवाज आठवला. मारिया माँटेसरींनी रोममध्ये १९०७ साली पहिलं बालघर उघडलं. पुढे १९३९ मध्ये त्या भारतात आल्या आणि महायुद्धामुळे इथे बरीच वर्षं राहिल्या. नेहरूनगरच्या क्वार्टरमध्ये रबर लावत बसलेल्या माझ्या वडिलांना त्यांचं नावही माहीत असण्याचं कारण नव्हतं. पण दोघांनी मुलाच्या हातात दिलेली गोष्ट एकच होती.

त्याच कपाटात आणखी एक पेटी होती, ती मला फार आवडली. शून्य ते नऊ असे दहा कप्पे, आणि सोबत पंचेचाळीस काड्या. एकच्या कप्प्यात एक काडी, दोनच्या कप्प्यात दोन, असं करत नऊपर्यंत. शून्याचा कप्पा रिकामाच राहतो आणि मुलं म्हणे त्या रिकाम्या कप्प्यात बराच वेळ वाकून बघतात. मुलाने कुठेतरी एक काडी जास्त टाकली तर शेवटी नऊच्या कप्प्याला एक कमी पडते. कोणी 'चुकलं' म्हणायची गरज नाही, काड्याच सांगतात. मग मूल आपलं आपण मागे जातं आणि शोधतं. मैत्रीण म्हणाली की त्या वेळी मोठ्यांनी शेजारी बसून गप्प राहणं, हेच सगळ्यांत अवघड असतं. मला कणीक मळतानाची मी आठवले.

अर्थात अशा पेट्या सगळ्यांना कुठून परवडणार! आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला १९४५ पासून जे उभं केलं, ते याच अडचणीतून वाट काढत उभं केलं. पोरं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली, गुरं राखायला जाणाऱ्यांसाठी कुरणात नेली. साधनं कुठली, तर परिसरात मिळतील ती. बिया, शंख, शिंपले, खडे, पानं. अंगणवाडी हा शब्द आज आपण सरकारी पाटीवर इतक्यांदा वाचतो की त्यातलं अंगण दिसेनासं झालं आहे. मी तो शब्द परवा मुद्दाम सुटा करून म्हणून बघितला. अंगण. वाडी. आणि डोळ्यांसमोर आली ती निफाडची पडवी, गव्हाचा ढीग आणि दोन वाट्यांमधले चिंचोके.

आमच्या लहानपणी खेळणी म्हणून वेगळी फारशी नव्हतीच. सागरगोटे होते. पाच गोटे. एक वर उडवायचा, तो खाली येईपर्यंत खालचे उचलायचे. आधी एकेक. मग दोन-दोन. मग तीन आणि एक. मग चारही एका झपाट्यात. चार हा आकडा किती तऱ्हांनी फुटतो हे त्या खेळाने माझ्या बोटांत घातलं, वहीत बेरीज यायच्या किती तरी आधी. तीन आणि एकच्या वेळी तिघांना एकत्र कसं पाडायचं आणि एकाला जरा लांब कसं ठेवायचं, याचा हिशेब गोटे टाकतानाच करावा लागायचा. अंगणातल्या शेणाच्या जमिनीवर बोटांची पेरं घासून पांढरी व्हायची. आजीकडे गेलं की कवड्या. चल्लस आठमध्ये चार कवड्या, चारही उताण्या पडल्या की चार, चारही पालथ्या पडल्या की आठ. त्या कधी कोणी मोजल्याचं आठवत नाही. तीन पडल्या की तीन दिसायच्या, जसा ओळखीचा चेहरा दिसतो. तीन-चारपर्यंतचं माणसाच्या डोळ्याला असं न मोजता कळतं, पुढे मात्र मोजावं लागतं, हे मी पुष्कळ नंतर वाचलं. तेव्हा फक्त एवढं माहीत होतं की मावशी चिडली की कवड्या जोरात टाकते आणि जोरात टाकल्या की हमखास तिला एकच पडतो.

रेवासाठी मी वाचायला लागले ते खरं म्हणजे धास्तीने. पण वाचताना धास्ती उतरत गेली. आकड्यांची माळ तोंडाने म्हणणं आणि 'किती' हे कळणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अडीच-तीन वर्षांची बरीच पोरं दहापर्यंत घडाघडा म्हणतात. त्यांना सात गोट्या मोजायला लावा, बोट लावून नीट मोजतात. मग विचारा, "तर मग किती?" पुन्हा एकपासून सुरू करतात. शेवटी जो आकडा म्हटला तो सगळ्या ढिगाचा आहे, हे कळायला बऱ्याच मुलांना साडेतीन-चार वर्षं लागतात. रॉशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली मोजण्यामागची पाच तत्त्वं मांडली. वस्तूला एकच शब्द लागतो, एकाला दोन नाहीत. शब्दांचा क्रम ठरलेला असतो. शेवटचा शब्द सगळ्यांचा असतो. काहीही मोजता येतं. आणि कुठूनही सुरुवात केली तरी उत्तर तेच येतं. मी ती पाच तत्त्वं वाचली आणि त्या शनिवारची रेवा त्यांच्यासमोर उभी करून बघितली. एका ठोकळ्याला एक शब्द, बरोबर. क्रम कायम, लाभ नेहमी पहिलाच. बाईंनी 'एक कुठे' विचारल्यावर तिने पहिल्याच ठोकळ्याकडे बोट केलं, म्हणजे लाभ आणि एक ही एकाच जागेची दोन नावं आहेत हे तिला पक्कं माहीत होतं. माझ्या लेकीला सगळं येत होतं. मला तिच्याकडे बघता आलं नव्हतं, कारण मी बाईंच्या कागदाकडे बघत होते.

त्याच पावसाळ्यात गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर आला. रेवाच्या बाबाने तिला खांद्यावर घेतलं आणि आम्ही गर्दीत उभं राहून बघत होतो. गढूळ, चहाच्या रंगाचं पाणी, मध्ये वाहत आलेले ओंडके, झेंडूच्या माळा, आणि एकदम जवळ गेलं की पोटात येणारा तो खोल घरघराट. "किती पाणी आलंय, बाबा?" रेवाने विचारलं. त्याने मोबाइल काढला आणि गंगापूर धरणातून किती हजार क्युसेक सोडलंय ते वाचून दाखवलं. रेवा गप्प. शेजारी टोपीवाले एक आजोबा उभे होते, बहुधा पंचवटीतलेच. ते म्हणाले, "मारुतीच्या मांडीला लागलंय, बाळ." रेवाने लगेच खाली वाकून स्वतःच्या मांडीवर हात ठेवला. मग वर, कमरेवर. "आणि इथपर्यंत आलं तर?" "तर मग दुकानदारांची पळापळ," आजोबा म्हणाले. हे सगळं नाशिक शहर पिढ्यान्‌पिढ्या नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर पूर मोजत आलं आहे. गुडघा, मांडी, कंबर, छाती. क्युसेक लिहिणारे इंजिनिअरसुद्धा घरी फोन करून विचारत असतील, मारुतीच्या कुठपर्यंत आलंय. क्युसेकने धरण चालतं, त्याशिवाय गत नाही. पण काठावरच्या माणसाला पाणी कळतं ते मारुतीच्या अंगावरून, आणि चार वर्षांच्या मुलीला कळलं ते स्वतःच्या अंगावरून. त्या रात्री ती आंघोळीच्या बादलीत बाहुली उभी करून मगाने पाणी ओतत होती. "गुडघा झाला. मांडी झाली." मी दाराआड उभी राहून ऐकलं आणि या वेळी काहीही विचारलं नाही. बादली वाहून बाथरूमभर पाणी झालं.

२०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून केवढा गदारोळ झाला होता ते सगळ्यांना आठवत असेल. सत्तावीसच्या जोडीला 'वीस सात', त्रेपन्नच्या जोडीला 'पन्नास तीन'. मीही तेव्हा चिडले होते. आपली भाषा मोडून काढायला निघालेत असं वाटलं होतं, आणि आलेले विनोद मी चार गटांवर पुढे पाठवले होते. गणिताच्या समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर शांतपणे समजावून सांगत होत्या की जुने शब्द काढलेले नाहीत, दोन्ही शेजारी शेजारी दिले आहेत. मी ते ऐकून घेतलं नव्हतं. या दिवाळीत माझा भाचा आला होता, दुसरीतला. मी त्याला म्हटलं, त्रेपन्न लिही. त्याने आधी तीन लिहिला, कारण कानावर आधी तीन पडला, मग त्याच्यापुढे पाच. पस्तीस झाले. मी माळ्यावरून वर्तमानपत्राची रद्दी काढली, वडील कापायचे तसे तुकडे कापले, दहा-दहाचे पाच गठ्ठे केले, तीन सुटे ठेवले. "हे बघून सांग." तो म्हणाला, "पन्नास... तीन." मग स्वतःच हसला. "म्हणजे त्रेपन्न!" हाताला जे दिसतं ते पन्नास तीन, जिभेवर जे आजीपासून आलं ते त्रेपन्न. मला त्रेपन्न हवाच आहे. एकोणतीस हवा आहे, जो तिसाच्या दारात एक पाऊल मागे उभा असतो. नव्याण्णव तर हवाच हवा. पण पोराला पन्नास तीनच्या पायरीवर जरा टेकू दिलं तर त्रेपन्न कुठे पळून जात नाही. आणि मग मला लख्ख दिसलं की पुस्तकात शेजारी शेजारी छापलेल्या दोन शब्दांवर रागावणारी मी, माझ्याच घरात 'लाभ'ला 'एक'च्या शेजारी बसू देत नव्हते. भाषा मोडण्याचं जे पाप मी दुसऱ्यांच्या माथी मारलं होतं, ते करायला मला एक वाक्य पुरलं होतं, तेही मेथी निवडणाऱ्या बाईला सांगितलेलं.

शाळा पुन्हा सुरू झाल्यावर मी बाईंना भेटले आणि लाभ म्हणजे काय ते सांगितलं. त्या क्षणभर थांबल्या. म्हणाल्या, "माझी आजी म्हणायची की! ज्वारी मोजताना. मी कशी विसरले?" आम्ही दोघी तिथे फाटकाशी थोडा वेळ नुसत्याच उभ्या होतो. कागदावरची ती ओळ अजून तशीच आहे, ती खोडायची आता मला गरज वाटत नाही.

आईंशी बोलणं मात्र राहून गेलं होतं. त्यांच्याशी काय बोलायचं हेच कळत नव्हतं. मार्गशीर्षात त्या बाजरीचं पोतं घेऊन आल्या. थंडी पडली होती, हॉलमध्ये चादर पसरली, पत्र्याचे दोन डबे उन्हात तापवून आणले. मी स्टुलावर चढून परातीमागून मापटं काढलं, चिंचेने घासलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं. त्या काही बोलल्या नाहीत. मग चिंचोक्यांची पुरचुंडी काढली, ती त्यांच्या पिशवीत होतीच. रेवा दोन वाट्या घेऊन आली आणि मांडी घालून बसली. आईंनी मापटं भरलं, तळहात फिरवला, डब्यावर धरलं. एकदा माझ्याकडे बघितलं. आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "एक."

रेवाने चिंचोका उचलला होता, तो हातातच राहिला. तिने आजीकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझ्या तोंडून शब्द फुटेना. मोजणी पुढे चालू राहिली, दोन, तीन, पण रेवाचा आवाज त्यात नव्हता, वाटीत चिंचोके कधी पडत होते, कधी नव्हते. सातव्या की आठव्या मापाला बेल वाजली, गॅसवाला आला. मी पैसे देऊन परत आले तर आई म्हणत होत्या आठ, आणि वाटीत होते पाच चिंचोके.

मी खाली बसले. "आई, हरवलं ना? पहिल्यापासून घेऊ या." त्या म्हणाल्या, "असू दे गं, पाच-आठने काय होतं." "नाही, पहिल्यापासून," मी म्हटलं आणि डबा उचलून बाजरी चादरीवर ओतली. ती पसरताना पाऊस पडल्यासारखा आवाज झाला आणि करड्या दाण्यांचा बारीक धुरळा उन्हाच्या तिरिपीत वर गेला. रेवाने वाटीतले पाचही चिंचोके काढून डाव्या वाटीत टाकले. आईंनी मापटं भरलं, सपाट केलं, डब्यावर धरलं आणि थांबल्या. रेवाने माझ्याकडे बघत अगदी हळू विचारलं, "आई, आता काय म्हणायचं?"

मी एक चिंचोका उचलून उजव्या वाटीत टाकला आणि म्हटलं, "लाभ."

आईंनी मापटं तिरकं केलं. बाजरी पत्र्यावर वाजायला लागली, आणि ती पुरती पडायच्या आतच रेवा दुसरा चिंचोका मुठीत धरून मोठ्याने म्हणाली, "दोन!"